संकरात कुणाचं चालतं?

धायरीतल्या पिठाच्या गिरणीत हल्ली दोन गव्हांचे डबे शेजारी शेजारी दिसतात. एकात शरबती, रोजच्या पोळीचा. दुसऱ्यात खपली. हा गहू एके काळी सांगली-कोल्हापूरकडच्या खिरीपुरता आणि पुरणपोळीपुरता उरला होता; रक्तातली साखर सांभाळणाऱ्या घरांमुळे तो आता शहरात परत आला आहे. धायरी २०१७ साली पुणे महापालिकेत आली, गावची बरीच शेतं इमारतींखाली गेली, दळण मात्र चालूच आहे. या दोन डब्यांतला फरक डोळ्यांना दिसतो त्याहून खोल आहे. शरबतीचा दाणा मळणीत भुसापासून सुटा होतो. खपलीचा दाणा टरफलात घट्ट अडकलेला असतो, तो कांडावा लागतो. शरबतीच्या पेशीत ४२ गुणसूत्रं असतात, खपलीच्या पेशीत २८.

या आकड्यांत दोन्ही गव्हांची वंशावळ आहे. खपलीत दोन वेगळ्या जंगली गवतांचे पूर्ण जनुकसंच एकत्र नांदतात, शरबतीत तीन. दोन वेगळ्या जातींचा संकर व्हावा, संकरात दोन्हीकडची गुणसूत्रं दुप्पट व्हावीत आणि तसं रोप पिढ्यानपिढ्या टिकावं, अशा वनस्पतींना बहुगुणित संकर म्हणतात. आपल्या शेतात आणि ताटात त्यांची गर्दी आहे: गहू, ऊस, अमेरिकन कापूस, भुईमूग, मोहरी, नाचणी, तंबाखू, स्ट्रॉबेरी, केळीचे अनेक वाण.

मेंडेलच्या वाटाण्यांवरून शाळेत शिकलेलं गणित इथे अपुरं पडतं. वाटाण्यात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची, आणि पुढच्या पिढीत त्या पुन्हा वेगळ्या होतात. बहुगुणित संकरात दोन्ही कुळांचे संच कायम एकत्रच राहतात. गव्हातल्या संचांना ए, बी, डी म्हणतात; त्यांत बी संचातल्या पाचव्या, म्हणजे ५बी या गुणसूत्रावर पीएच१ नावाचं एक ठिकाण आहे. ए संचातल्या गुणसूत्राची जोडी ए संचातल्याच गुणसूत्राशी लागावी, याची काळजी ते घेतं. १९५८ साली इंग्लंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी ते स्वतंत्रपणे ओळखलं. म्हणजे संच एकमेकांत विरघळत नाहीत. ते आपापले राहून एकच रोप चालवतात. मग दाण्याचा कडकपणा, रसातली साखर, धाग्याची लांबी, रोगाला तोंड देण्याची ताकद यांत कोणत्या कुळाचं किती चालतं?

निम्मं निम्मं चालत नाही, हे फार पूर्वीच कळलं होतं. १९२०च्या दशकात रशियात ग्रेगरी कार्पेचेन्को यांनी मुळा आणि कोबी यांचा संकर केला. दोघांचीही ९-९ गुणसूत्रं बीजात उतरली, पुढे ती दुप्पट होऊन ३६ झाली आणि बी धरणारं नवं झाड तयार झालं. शास्त्र म्हणून ते मोठं यश होतं. पण खाली मुळा आणि वर कोबी असं पीक काही मिळालं नाही. कोणता गुण कोणाकडून घ्यायचा, हे माणसाच्या हातात नव्हतं.

गेल्या पंचवीस वर्षांत जनुकसंच वाचण्याची साधनं स्वस्त झाली आणि या प्रश्नावर संशोधनाचा ओघ सुरू झाला. त्यात ‘एका संचाचं वर्चस्व’ ही कल्पना फार लोकप्रिय झाली. माझ्या मते तिच्या पोटात तीन वेगळे हिशोब मिसळले गेले आहेत. पहिला, कालौघात कोणत्या संचाची जनुकं जास्त टिकली. दुसरा, टिकलेल्या जनुकांपैकी कोणत्या संचाची जास्त काम करतात, म्हणजे त्यांच्यावरून जास्त संदेश तयार होतात. तिसरा, शेतकऱ्याला दिसणारा गुण शेवटी कोणत्या संचातल्या जनुकावर ठरतो. हे तीन हिशोब कधी जुळतात, बरेचदा जुळत नाहीत. पीक सुधारणाऱ्याला तिसऱ्या हिशोबाची गरज असते आणि नेमका त्याचाच अंदाज पहिल्या दोनांवरून बांधण्याची घाई होते.

गव्हाकडे आधी पाहू, कारण त्याची परंपरा पुण्यात घट्ट आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ साली इथे महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली. तीच आजची आघारकर संशोधन संस्था. बारामती तालुक्यातल्या होळच्या शेतावर तिथले गहू-पैदासकार तिन्ही प्रकारचे गहू हाताळत आले आहेत. एमएसीएस ६४७८ हा शरबतीच्या जातकुळीतला, एमएसीएस ४०२८ हा बन्सीचा, म्हणजे रव्याच्या कडक गव्हाचा, एमएसीएस २९७१ हा खपलीचा वाण. बन्सी आणि खपली या दोघांत ए आणि बी हे संच आहेत, शरबतीत ए, बी आणि डी. ए संच पश्चिम आशियातल्या ‘ट्रिटिकम उरार्तू’ या जंगली गव्हाचा. बी संच एजिलॉप्स स्पेल्टॉइड्स या गवताच्या जवळच्या कुणा नातेवाइकाचा; नेमका दाता आज जिवंत सापडलेला नाही. या दोघांची गाठ पडली लाखो वर्षांपूर्वी, माणूस शेती करू लागण्याच्या कितीतरी आधी. डी संच एजिलॉप्स टाउशी या गवताचा. तो कास्पियन समुद्राच्या आसमंतात, सुमारे आठ ते दहा हजार वर्षांपूर्वी, माणसाच्या शेताच्या कडेला येऊन मिळाला.

आता गुणांचा हिशोब लावू. दाणा टरफलातून सुटणं मुख्यतः ए संचातल्या ५ए गुणसूत्रावरच्या ‘क्यू’ या एका जनुकावर अवलंबून आहे. खपलीत त्याचं जुनं रूप आहे. बन्सीत आणि शरबतीत बदललेलं. याच जनुकाची बी संचातली प्रत मोडकी आहे, तिच्यापासून धड प्रथिन बनत नाही. तरी ती निरुपयोगी नाही, उरलेल्या दोन प्रतींच्या कामाचं नियमन करण्यात तिचा हात आहे, असं २०११ साली दाखवलं गेलं. एकाच गुणामागे तीन प्रती आहेत आणि तिघींचं काम तीन तऱ्हेचं आहे.

दाण्याच्या कडकपणाची कथा याहून बोलकी आहे. दाणा मऊ ठेवणारी प्युरोइंडोलिन नावाची दोन प्रथिनं असतात. त्यांची जनुकं मूळच्या जंगली गवतांत होती, पण ए आणि बी एकत्र आल्यावर या दोन संचांच्या (चतुर्गुणित) गव्हाने ती दोन्ही संचांतून गमावली. म्हणून बन्सीचा दाणा इतका कडक असतो आणि म्हणूनच त्याचा रवा चांगला पडतो. पुढे डी संच आला आणि हरवलेली जनुकं ५डी गुणसूत्रावरून पुन्हा गव्हात शिरली. शरबतीचं पीठ मऊ दळलं जातं, यामागे हा एक तिसरा पाहुणा आहे. पाव फुगण्यासाठी लागणारा कणकेचा ताण देणाऱ्या ग्लुटेन प्रथिनांतही डी संचातल्या जनुकांचा वाटा सर्वांत वजनदार ठरतो. मिठाचंही तसंच. पानात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त ठेवणारं जनुक ४डी गुणसूत्रावर आहे. ते नसल्यामुळे बन्सी खारवट जमिनीत लवकर हार मानतो. सांगली-साताऱ्याकडे कालव्याखालच्या जमिनी चोपण होत चालल्या आहेत. तिथे गव्हाचा प्रकार निवडताना हा फरक फार महत्त्वाचा आहे.

एवढं ऐकून कुणालाही वाटेल की डी संचाचंच राज्य आहे. पण दुसरा हिशोब तसं सांगत नाही. २०१८ साली गव्हाचा जनुकसंच पूर्ण वाचून प्रसिद्ध झाला, एक लाखाहून अधिक जनुकांसह. त्याच वर्षी मुळापासून दाण्यापर्यंतच्या आणि वेगवेगळ्या अवस्थांतल्या ८५० नमुन्यांत कोणती प्रत किती काम करते हे मोजलं गेलं. ए, बी, डी अशा तिन्ही प्रती जिथे शाबूत आहेत, तिथे सुमारे ७० टक्के जनुकांत तिघींचं काम जवळजवळ सारखं निघालं. डीचा वाटा एकूणात किंचित जास्त, इतकंच. उरलेल्या ३० टक्क्यांत तोल ढळलेला होता आणि तिथे बहुधा एखादी प्रत दबलेली आढळली. एकीने इतर दोघींवर मात केल्याची उदाहरणं तुलनेने कमी. शिवाय एका अवयवात दबलेली प्रत दुसऱ्या अवयवात जोरात असू शकते. म्हणजे गव्हात संच म्हणून कुणी मोठा नाही. काही मोजक्या ठिकाणी, जिथे इतर प्रती हरवल्या किंवा मोडल्या, तिथे एकट्या प्रतीवर अख्खा गुण टांगलेला आहे.

उसात मामला अगदी पहिल्या गर्भापासूनच तिरका आहे, आणि महाराष्ट्राला याहून जवळचं उदाहरण नाही. दख्खनेत पूर्वी पुंड्या ऊस होता: जाड, रसाळ, चघळायला उत्तम. तो ‘सॅकॅरम ऑफिसिनॅरम’ या गोड जातीतला, ८० गुणसूत्रांचा. दुसरीकडे नदीपात्रात माजणारं, पांढऱ्या तुऱ्यांचं काश गवत, म्हणजे ‘सॅकॅरम स्पॉन्टेनियम’: साखर फारशी नाही, पण चिवटपणा आणि फुटवे अमाप. कोइमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झालं. तिथे सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी वेल्लई या गोड उसाचा स्थानिक काशाशी संकर केला आणि त्यातून को २०५ आला. काशाची गुणसूत्रं ६४. नेहमीच्या नियमाने संकरात ४० आणि ३२ मिळून ७२ गुणसूत्रं यायला हवीत. आली ११२. गोड उसाने आई म्हणून आपला अर्धा संच देण्याऐवजी पूर्ण ८० गुणसूत्रं दिली होती, बापाकडून आली फक्त ३२.

जावा बेटावर काम करणारे डच शास्त्रज्ञ ब्रेमर यांनी १९२०च्या दशकात ही रीत ओळखली. पैदासकारांनी तिचा पुरेपूर फायदा घेतला. संकर पुन्हा पुन्हा गोड उसाशी जुळवला की दर वेळी आईचं पारडं भरत जातं आणि साखर लवकर परत येते. आजच्या उसात १०० ते १३० गुणसूत्रं असतात. त्यांतली सुमारे ८० टक्के गोड उसाची, १० ते २० टक्के काशाची किंवा दोघांच्या तुकड्यांनी जोडलेली.

पण शेतात काय दिसतं? को ४१९ने पुंड्याला हटवलं, पुढे को ७४०ने महाराष्ट्रावर कित्येक वर्षं राज्य केलं, मग को ८६०३२ आणि फलटणजवळच्या पाडेगाव केंद्राचा फुले २६५ आले. या वाणांची साखर आणि जाडी गोड उसाची आहे. मात्र खोडवा नेटाने फुटणं, पाण्याच्या ताणात तग धरणं, बऱ्याच रोगांपुढे उभं राहणं, ज्यावर शेतकऱ्याचा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा हिशोब ठरतो, ते सारं त्या दहा-वीस टक्क्यांतून आलेलं आहे. गुणसूत्रं मोजून वर्चस्व ठरवायचं तर काश नगण्य ठरेल. खोडव्याचं उत्पन्न मोजून ठरवायचं तर काशाशिवाय हा धंदाच उभा राहत नाही. पाडेगावला आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये नव्या वाणांची पारख चालते, तेव्हा हीच विषम वाटणी तपासली जात असते. उसाचा पूर्ण जनुकसंच वाचायला मात्र २०२४ साल उजाडलं. रियुनियन बेटावरच्या आर ५७० या वाणाचा तो संच आहे. जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या इतक्या प्रती एकमेकींपासून वेगळ्या ओळखणं, हेच त्या कामातलं सर्वांत कठीण कलम होतं.

कोइमतूरचा विषय निघाला की जानकी अम्माल यांचं नाव घ्यायलाच हवं. १९३०च्या दशकात त्यांनी तिथे उसाचे दूरदूरच्या गवतांशी, अगदी मक्याशीही, संकर केले आणि त्यांची गुणसूत्रं मोजली. १९४५ साली सी. डी. डार्लिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश तयार केला. आपण आज ज्या पायावर उभे आहोत त्यातला मोठा दगड त्यांचा आहे, आणि मराठीत त्यांच्यावर फार कमी लिहिलं गेलं आहे याची मला खंत वाटते.

कापसात हिशोब आणखी उलटा होतो. खानदेश-वऱ्हाडचा गावरान कापूस हा ए संचाचा (कापसाचे ए-डी वेगळे, गव्हाचे वेगळे), २६ गुणसूत्रांचा. अमेरिकन कापूस, ज्यातून १९७० साली सुरतेत सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकर काढला आणि ज्याच्या संकरित वाणांवर २००२पासून बीटी आलं, तो ५२ गुणसूत्रांचा. त्याच्या पोटात दहा-वीस लाख वर्षांपूर्वी एकत्र आलेले ए आणि डी असे दोन संच आहेत. ए संच जुन्या जगातल्या कापसांचा, डी संच अमेरिकेतल्या रानकापसांचा. आजच्या डी संचाच्या जंगली जातींना सूत काढण्याजोगा धागा येत नाही. मग अमेरिकन कापसाचा लांब धागा ए संचाच्या पुण्याईचा, असं गृहीत धरणं साहजिक होतं. १९९८ साली धाग्याच्या गुणांची ठिकाणं नकाशावर मांडली गेली आणि त्यांतली बहुतेक डी संचावर निघाली. ज्या कुळाला स्वतःला धागा जमला नाही, त्याच्या जनुकांवर लांब धाग्याची निवड झाली होती. असं का घडलं असावं? ए संचात धाग्याची घडी आधीच बसलेली होती, तिथे सुधारायला जागा कमी होती; डी संचातल्या प्रती मोकळ्या होत्या, त्यांत झालेले बदल माणसाच्या निवडीला उपयोगी पडले. हे स्पष्टीकरण मला पटतं, कारण त्यात दोन्ही संचांचं एकमेकांवरचं अवलंबन धरलेलं आहे.

कापसातच जोनाथन वेंडेल यांच्या गटाने २००३ साली ४० जनुकांच्या जोड्या तपासल्या. त्यांतल्या १० जोड्यांत दोन कुळांच्या प्रतींचं काम अवयवागणिक असमान निघालं. एका जनुकात तर फुलाच्या एका भागात ए प्रत गप्प आणि दुसऱ्या भागात डी प्रत गप्प. प्रयोगशाळेत नुकत्याच घडवलेल्या बहुगुणित कापसातही यातली काही शांतता लगेच दिसली, काही मात्र हजारो पिढ्यांनी आलेली होती.

हे का होतं, यावर आज सर्वांत जास्त मान्यता असलेलं उत्तर मायकेल फ्रीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. वनस्पतींच्या जनुकसंचात उड्या मारणारे डीएनएचे तुकडे असतात. मक्यात बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी शोधलेले, तेच. ते मोकाट सुटले तर नुकसान करतात, म्हणून पेशी त्यांच्यावर मिथाइलचे शिक्के मारून त्यांना बंद ठेवते. पण एका घरातला आवाज थांबवायला गल्लीची वीज तोडावी, तसं शेजारचं चांगलं जनुकही मंद पडतं. ज्या कुळाच्या जनुकांलगत असे तुकडे जास्त, त्या कुळाचं काम संकरात कमी पडतं. मंद पडलेली प्रत गेली तरी रोपाचं फारसं अडत नाही, म्हणून लाखो वर्षांत तीच जास्त गळते. मक्याच्या जुन्या दोन संचांत असंच घडल्याचं २०११ साली दिसलं. ब्रिटनच्या ओढ्यांकाठी गेल्या दीडशे वर्षांत जन्मलेल्या मिम्युलस पेरेग्रिनस या रानफुलात तर ही घडी बसताना पाहता आली. त्याचे पूर्वज चिली आणि उत्तर अमेरिकेतून बागांसाठी आणलेले. पहिल्याच पिढीच्या संकरात एका संचाची सरशी दिसते आणि पुढच्या पिढ्यांत ती वाढते, असं २०१७ साली प्रसिद्ध झालं.

याच काळातला सर्वांत गाजलेला दावा आपल्या महाबळेश्वरशी जोडलेला आहे. थंडीत साताऱ्याकडून महामार्गाने पुण्यात येणारी, धायरी फाट्यावर खोक्यांतून विकली जाणारी स्ट्रॉबेरी अष्टगुणित आहे, ५६ गुणसूत्रांची. तिच्यात संकरावर संकर आहे. १७१४ साली फ्रान्सच्या फ्रेझिए यांनी चिलीहून मोठ्या फळांच्या स्ट्रॉबेरीची रोपं नेली. ती सारी मादी निघाली, त्यामुळे फळ धरेना. उत्तर अमेरिकेहून आलेल्या दुसऱ्या स्ट्रॉबेरीचे पराग मिळाल्यावर आजच्या बागेतली स्ट्रॉबेरी जन्मली. पण त्या दोन्ही आधीच अष्टगुणित होत्या; त्यांच्या पोटात आणखी जुने चार संच आहेत. २०१९ साली कॅमारोसा या वाणाचा जनुकसंच वाचला गेला. महाबळेश्वर-पाचगणीच्या शेतकऱ्यांना हे नाव चांगलं ठाऊक आहे. त्या अभ्यासाने सांगितलं की चारांपैकी फ्रॅगेरिया व्हेस्का या रानस्ट्रॉबेरीच्या कुळाचा संच टिकण्यात, काम करण्यात आणि चव, रंग, रोगप्रतिकार ठरवण्यातही पुढे आहे. इथे तिन्ही हिशोब जुळतात, म्हणून हे उदाहरण पाठ्यपुस्तकात जाऊन बसलं. पण चारपैकी दोन पूर्वजांच्या ओळखीवर पुढच्याच वर्षी गंभीर आक्षेप घेतले गेले. व्हेस्काच्या सरशीचा मुद्दा त्याने खोटा ठरत नाही. तरी ज्या संचांचे पूर्वज नक्की नाहीत, त्यांच्याशी केलेल्या तुलनेवर किती भार टाकायचा, हे जपून ठरवावं.

भुईमूग उलटं टोक दाखवतो. दक्षिण अमेरिकेतल्या दोन रानभुईमुगांचा हा सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा संकर. २०१९ साली त्याचा जनुकसंच पूर्ण झाला तेव्हा कोणत्याही एका संचाची ठाम सरशी आढळली नाही. तिथे दुसरंच काही घडतं: दोन संचांचे टोकाकडचे तुकडे एकमेकांच्या जागी जातात, कुठे चारही प्रती एकाच कुळाच्या होतात आणि त्यातून नवे फरक निपजतात. दोन्ही पूर्वजांचा नव्याने संकर केल्यावर फुलांच्या रंगातही असे फरक दिसले. या पिकात पुण्याचा जुना वाटा आहे. १९५७ साली कृषी महाविद्यालयाचे एल. एस. एस. कुमार यांनी आर. डीक्रूझ आणि जे. जी. ओक यांच्यासह भुईमूग आणि एक रानभुईमूग यांच्यापासून घडवलेल्या षट्गुणिताची नोंद ‘करंट सायन्स’मध्ये केली. रानातले गुण लागवडीच्या भुईमुगात आणायचे तर गुणसूत्रांच्या संख्येची अडचण आधी ओलांडावी लागते, हे त्यांनी जनुकसंच वाचण्याच्या साठ वर्षं आधी हाताने करून पाहिलं.

केळ्याबद्दल थोडक्यात. जळगावची बसराई आणि ग्रँड नैन ही तीन ए संचांची. वसईच्या सुकेळ्यांची राजेळी दोन ए आणि एका बी संचाची. बी संच असलेले वाण कोरड्याला जास्त टिकतात, असा अनुभव आहे. पण त्याच बी संचात केळीच्या एका विषाणूचे तुकडे दडलेले असतात आणि ऊतिसंवर्धनासारख्या ताणात ते संकरातच जागे होतात. काटकपणा आणि रोग एकाच कुळाकडून येतात, तिथे वर्चस्वाची भाषा काहीच सांगत नाही. नाचणीचा एक पूर्वज आपल्याकडे रस्त्याकडेला उगवणारं साधं गवत आहे, एल्युसिन इंडिका. दुसरा अजून कुणाला सापडलेला नाही.

आणि आई कोण, हा प्रश्न संचांपलीकडचा आहे. हरितलवकं आणि तंतुकणिका यांची स्वतःची थोडी जनुकं असतात आणि ती बहुतेक पिकांत आईकडूनच येतात. अमेरिकन कापसात ती ए संचाच्या बाजूची आहेत. अमेरिकेतल्या ट्रॅगोपोगॉन मिसेलस या रानफुलाचे, गेल्या शंभर वर्षांत जन्मलेले, दोन प्रकार आहेत. एकाच्या पाकळ्या आखूड, दुसऱ्याच्या लांब. आईबाप तेच दोन, फक्त कोण आई आणि कोण बाप याची अदलाबदल झालेली. संकर करताना आई कोणती हे नोंदवण्याची पैदासकारांची जुनी शिस्त म्हणूनच मोलाची आहे. तयार अंकांच्या राशी हाताळणाऱ्या आजच्या काही अभ्यासांत ही नोंद हरवते, तेव्हा अर्धं उत्तरच हरवतं.

व्यवहारात याचा अर्थ काय? जादा प्रती गुण झाकतात. गव्हाला भुरीची लागण सोपी करणारं एमएलओ हे जनुक तिन्ही संचांत आहे. त्यातली एखादी प्रत मोडली तरी रोप रोगालाच बळी पडतं. २०१४ साली चिनी संशोधकांनी तिन्ही प्रती एकदम मोडल्या, तेव्हा कुठे गहू भुरीला दाद देईना. म्हणून बहुगुणित पिकात एखादं जनुक निकामी करून ‘काही फरक पडला नाही’ असा निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे.

याहून मोठा धडा तांबेऱ्याचा आहे, आणि तो खपलीपर्यंत जातो. महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्यावर संशोधन करणारं केंद्र आहे, कारण दक्षिणेच्या डोंगरांत टिकून राहणारा हा रोग दख्खनेत पोहोचतो. खपलीच्या नात्यातल्या, दोन संचांच्या गव्हांनी त्याच्याविरुद्ध मोठी मदत केली आहे. यारोस्लाव्ह या रशियन वाणातून मॅकफॅडन यांनी १९२०च्या दशकात पोळीच्या गव्हात आणलेला एसआर२ हा प्रतिकार आजही उपयोगी आहे. पण प्रत्येक वेळी असं साधत नाही. कॅनडात कर्बर यांनी कँथॅच या शरबतीच्या जातकुळीतल्या वाणातून डी संच काढून टाकून उरलेल्या ए-बीचा गहू वेगळा केला, तेव्हा त्या उरलेल्या गव्हात तांबेऱ्याला असा प्रतिकार दिसला जो मूळ वाणात नव्हता. ते जनुक ए-बीत आधीपासून होतं. ७डी गुणसूत्रावरचं एक जनुक त्याला दाबून ठेवत होतं. २०२० साली ते दाबणारं जनुक नेमकं ओळखलं गेलं. ते पेशीतल्या संदेशनिर्मितीच्या यंत्रणेचा एक सुटा भाग आहे आणि ते मोडलं की शरबतीतही दबलेला प्रतिकार परत येतो. तेव्हा होळच्या किंवा महाबळेश्वरच्या शेतात खपलीचं एखादं जुनं वाण तांबेऱ्याला तोंड देताना सापडलं, तर ते शरबतीत उतरवल्यावर निकामी ठरलं म्हणून टाकून देऊ नये. आधी डी संचाचा तो भाग मोडलेल्या शरबतीत त्याची परीक्षा घ्यावी. तसे मोडलेले गहू आज हाताशी आहेत, आणि खपलीचं बियाणंही अजून शेतकऱ्यांच्या घरात आहे.